विमान किती वेळात पोचते?

गेल्या दिवाळीत मी भोंगवलीला घरी गेलो होतो. अंगणात बसलो असता वरून विमान गेले. आमच्या चुलत्यांनी, अण्णांनी, मान वर करून विचारले, "काय रं, पुण्याहून कोल्हापूरला इमानानं किती वेळ लागंल?" मी मास्तरी सवयीने सांगून टाकले, "पंचवीस मिनिटे, अण्णा." अण्णा म्हणाले, "म्हंजे इथनं चहा पिऊन निघालो की अंबाबाईच्या दारात पंचवीस मिनिटांत?"

माझे उत्तर गणिताने बरोबर होते. पुण्याचे लोहगाव ते कोल्हापूरचे उजळाईवाडी हे सरळ रेषेतले अंतर सुमारे 216 किलोमीटर भरते. वैमानिकांच्या भाषेत ते 117 सागरी मैल होतात, कारण त्यांचा मैल 1.852 किलोमीटरचा. अशा मार्गांवर चालणारे पंख्याचे एटीआर विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास जाते. भागाकार करा, सव्वीस मिनिटे आली.

पण विमान काही पट्टीने आखलेल्या रेषेवरून निघत नाही. लोहगावची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे, उजळाईवाडीचीही तशीच. कोल्हापूर मात्र दक्षिणेला. म्हणजे आधी पूर्वेला किंवा पश्चिमेला उडायचे, मग वळायचे. त्यातही वारा समोरून घेऊनच उडावे व उतरावे लागते, कारण समोरच्या वाऱ्याने पंखांना उचल मिळते आणि धाव कमी पुरते. मग उंची गाठेपर्यंत वेग कमी. पूर्ण वेगाने जरा कुठे गेले, तोच खाली येण्याची तयारी! समोरून ताशी 50 किलोमीटरचा वारा असला तर सव्विसाची एकोणतीस मिनिटे होतात, हे त्या मानाने किरकोळच. जमिनीवर सरपटत धावपट्टीपर्यंत जाणे आणि लोहगाव हवाई दलाचे ठाणे असल्याने प्रसंगी थांबणे, हे सगळे धरून वेळापत्रकात पाऊण तास ते तास मांडावा लागेल.

आता अण्णांचा हिशेब. भोंगवलीहून लोहगाव पन्नास-साठ किलोमीटर, तेही उलट्या दिशेला. पुण्याच्या गर्दीतून दोन तास. विमानाआधी तासभर हजर राहायचे. मग तासभर प्रवास, आणि त्यात आपल्याच गावाच्या आसपासच्या आकाशातून परत दक्षिणेकडे! उतरल्यावर शहरात जायला अर्धा तास. साडेचार तास झाले. तेवढ्यात सातारा रस्त्यावरून यष्टीने माणूस कोल्हापूर गाठतो.

नांदेडकरांचे तसे नाही. नांदेड-मुंबई सरळ अंतर 465 किलोमीटरांच्या घरात, आणि आगगाडीत अख्खी रात्र जाते. विमानाचा खोळंबा दोन्हीकडे सारखाच, पण तिथे तो अंगी लागत नाही. 27 एप्रिल 2017 रोजी 'उडान' योजनेत नांदेड-हैदराबाद विमान सुरू झाले ते अशाच हिशेबावर.

अण्णांनी हे सगळे ऐकून घेतले. शेजारच्या पुरंदर तालुक्यात नव्या विमानतळासाठी सात गावांच्या जमिनींची मोजणी चालली, तेव्हापासून ते या विषयावर कमी बोलतात. त्यांची लेक त्याच भागात दिलेली आहे. "तिथं इमानतळ झाला तर आपल्याला जवळ पडंल," मी म्हणालो. "लोहगावला जायचे दोन तास वाचतील."

"वाचतील की," अण्णा म्हणाले. "पर जिची अंजिराची बाग जाणार, तिला कुठं जायचंय?"