ध्वनिमिश्रक
ध्वनिमिश्रक अर्थात मिक्सर हे अनेक माइक व वाद्यांकडून येणारे विद्युत संकेत एकत्र करून ध्वनिवर्धकाकडे पाठविणारे उपकरण होय. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव परिसरातील गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत कीर्तनासाठी लहान मिक्सर सोयीचा ठरतो. कीर्तनकार, पेटी, मृदंगाची दोन तोंडे आणि टाळकरी यांना स्वतंत्र माइक दिल्यास पाच चॅनल लागतात. कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा पाहून घ्यावा लागतो. सर्वांत मोठ्या आवाजालाही लाल दिवा लागणार नाही इतका गेन आधी ठेवून मग फेडरने समतोल साधतात. टाळ-मृदंगाच्या गजरात निरूपणाचे शब्द हरवल्यास कीर्तनाचा हेतूच ढळतो. अशा वेळी वाद्यांचा आवाज उतरविणे इष्ट. कीर्तनकाराचा माइक चढवीत गेल्यास तो शिट्टी देऊ लागतो.