जुन्या बॅकहो लोडरचा क्लच बदलताना

ट्रॅक्टरच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या जुन्या बॅकहो लोडरचा क्लच बदलायचा तर बहुतेक वेळा यंत्र मधोमध फोडावे लागते. प्लेट बदलण्याचे काम फार थोड्या वेळात उरकते. बाकी सगळा वेळ तिच्यापर्यंत पोहोचण्यात आणि सोडवलेले दोन भाग पुन्हा सरळ रेषेत आणण्यात जातो. असे का, याचे उत्तर यंत्राच्या बांधणीत आहे.

हेन्री फोर्डच्या १९१७ सालच्या फोर्डसन ट्रॅक्टरला वेगळी चासी नव्हती. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल यांची बिडाची घरे एकामागे एक बोल्टांनी जोडलेली होती आणि यंत्राचा सगळा भार त्या जोडणीवरच होता. ही बांधणी स्वस्त आणि दणकट ठरली आणि पुढे बहुतेक ट्रॅक्टरांनी ती उचलली. १९४८ मध्ये अमेरिकेत वेन-रॉय कंपनीचा हायड्रॉलिक बॅकहो फोर्ड ८एन ट्रॅक्टरच्या मागे बसला. १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या जेसीबी कंपनीने पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात असे दोन्ही एकाच ट्रॅक्टरवर चढवले. १९५७ मध्ये केस कंपनीने ‘३२०’ हे यंत्र कारखान्यातूनच एकसंध तयार करून विकायला काढले. साठच्या दशकातला फोर्ड ४५०० हा याच परंपरेतला. तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन आणि शेतीच्या ट्रॅक्टरचा सांगाडा घेऊन तो बांधकामावर आला.

अशा बऱ्याच यंत्रांत क्लचचे काम फक्त चाकांपुरते असते. फोर्ड ४५०० किंवा केस ५८० सीके यांचा हायड्रॉलिक पंप इंजिनाच्या पुढच्या टोकाला, थेट क्रँकशाफ्टवरून फिरतो. त्यामुळे क्लच पूर्ण जळाला तरी बकेट उचलली जाते आणि मागचा हात खोदतो. यंत्र जागचे हलत मात्र नाही.

क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या बेल हाउसिंगमध्ये बसतो. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये अस्तर लावलेली क्लच प्लेट दाबून धरलेली असते. प्लेटच्या मध्यभागी खाचांचे भोक असते आणि त्यात गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट शिरतो. पेडल दाबले की फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरांवर टेकते, स्प्रिंगांचा दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. काही ट्रॅक्टरांत दुहेरी क्लच असतो. त्यातली दुसरी प्लेट पीटीओसाठी, म्हणजे अवजारे फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टसाठी असते.

शेतात नांगर ओढणारा ट्रॅक्टर एकदा गिअरमध्ये पडला की बराच वेळ तसाच चालतो. लोडरला मात्र ढिगाऱ्यात शिरणे, मागे येणे, वळणे आणि ट्रक भरणे हेच दिवसभर करावे लागते. साध्या गिअरबॉक्सच्या यंत्रात प्रत्येक फेरीला पेडल दाबावे लागते. त्यात ऑपरेटर हाफ क्लचवर ढिगारा रेटू लागला किंवा पेडलवर पाय ठेवूनच काम करू लागला की अस्तर झपाट्याने झिजते. म्हणूनच पुढच्या पिढीच्या यंत्रांत टॉर्क कन्व्हर्टर आणि शटल गिअरबॉक्स आले आणि पायाचा क्लच मागे पडला. महाराष्ट्रात आज रस्तोरस्ती दिसणारे जेसीबी याच नव्या पद्धतीचे आहेत.

यंत्र फोडण्यापूर्वी दोष नक्की क्लचमध्येच आहे ना, हे पाहावे लागते. इंजिनाचा आवाज चढतो पण यंत्र रेटत नाही, तेव्हा क्लच घसरत असतो. पेडल पूर्ण दाबूनही गिअर करकरतात, तेव्हा तो नीट सुटत नसतो. दोन्ही तक्रारींत आधी पेडलचा मोकळा खेळ तपासतात. खेळ उरला नसेल तर बेअरिंग फिंगरांवर सतत टेकून राहते, दाब कमी होतो आणि चांगली प्लेटही घसरते. हा दोष लिंकेजचा नट फिरवून सुटतो. बेल हाउसिंगच्या तळाच्या छिद्रातून तेल ठिबकत असेल तर क्रँकशाफ्टचे मागचे सील किंवा गिअरबॉक्सचे पुढचे सील गेलेले असते. ते न बदलता टाकलेली नवी प्लेटही तेलात भिजून वाया जाते.

फोडण्यासाठी सपाट काँक्रीटची जागा लागते. बकेट आणि मागचा हात जमिनीवर टेकवून इंजिन बंद करतात आणि सगळे लिव्हर हलवून हायड्रॉलिकमधला दाब काढून टाकतात. बॅटरीची तार सोडतात. खरी अडचण लोडरच्या सबफ्रेमची असते. ती यंत्राच्या दोन्ही बाजूंनी पुढून मागच्या ॲक्सलपर्यंत गेलेली असते, म्हणजे जो सांधा उघडायचा तोच तिने बांधून ठेवलेला असतो. त्यामुळे लोडरचे हात आणि सबफ्रेम उतरवतात, किंवा ती जागेवर ठेवून इंजिन पुढच्या बाजूने बाहेर काढतात. ज्या यंत्रांना वेगळी चासी आहे त्यांचे इंजिन किंवा गिअरबॉक्स उचलूनच घ्यावे लागते.

सोडवलेल्या प्रत्येक हायड्रॉलिक पाइपावर खूण करून त्याचे तोंड बंद करतात. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डोलतो. तो डोलू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरा ठोकतात, नाहीतर सांधा सुटताच पुढचा भाग कलंडतो. दोन्ही भागांखाली भक्कम स्टँड किंवा ठोकळे लागतात. मागच्या हाताच्या बाजूंना असलेल्या स्टॅबिलायझर पायांनी मागची बाजू उचलता येते, पण त्यांच्या भरवशावर खाली शिरायचे नसते, कारण हायड्रॉलिक दाब केव्हाही उतरू शकतो. डोकी कापलेले दोन लांब बोल्ट मार्गदर्शक म्हणून लावले की पुढचा भाग सरळ पुढे सरकतो.

जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. म्हणून हाउसिंगमधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवत नाहीत. मास्क लावून ती ओल्या फडक्याने पुसतात. फ्लायव्हीलवर निळसर डाग, बारीक तडे किंवा खोल चरे असतील तर लेथवर फेसिंग करून घेतात. पायरीच्या फ्लायव्हीलचे दोन्ही पृष्ठभाग सारख्याच मापाने उतरवावे लागतात, नाहीतर स्प्रिंगांचा दाब बदलतो. इनपुट शाफ्टचे टोक पेलणारे पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग आणि सील स्वस्त असतात, पण पुन्हा त्यांच्यापर्यंत पोहोचणे महाग पडते. म्हणून ती चांगली दिसली तरी बदलतात. मूळ ट्रॅक्टरचा सुटा भाग बऱ्याचदा चालतो, मात्र प्लेटचा व्यास आणि खाचांची संख्या जुन्या प्लेटशी ताडून पाहावी लागते.

नवी प्लेट कोणत्या बाजूने बसवायची, हे बहुधा तिच्यावरच लिहिलेले असते. ती उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासते. जुना इनपुट शाफ्ट किंवा त्याच मापाची डमी घालून प्लेट मध्यावर आणतात आणि मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडेथोडे आवळतात. सगळ्या फिंगरांची उंची सारखी आहे का, हे मोजतात. खाचांना ग्रीसचा पातळ हात पुरतो. जास्त लावले तर ते फिरताना उडून अस्तरावर जाते.

सगळ्यात जास्त संयम जोडणीच्या वेळी लागतो. शाफ्टच्या खाचा प्लेटच्या खाचांशी जुळाव्यात म्हणून फ्लायव्हील हाताने किंचित फिरवत दोन्ही भाग जवळ आणतात. शेवटचे अंतर मिटत नसेल तर बोल्ट आवळून ते मिटवायचे नसते. तसे केल्यास प्लेटचा हब वाकतो किंवा बिडाचा कान तुटतो. घरे एकमेकांना अलगद टेकली की मगच बोल्ट मॅन्युअलमधल्या मापाने टॉर्क पान्याने आवळतात.

पाइप, तारा, लिंकेज आणि सबफ्रेम जागेवर आल्यावर पेडलचा खेळ मॅन्युअलनुसार लावतात आणि हायड्रॉलिक तेलाची पातळी पाहतात. पहिली चाचणी मोकळ्या जागेत, रिकाम्या बकेटने, पुढे-मागे करून घेतात. नवे अस्तर फ्लायव्हीलवर पूर्ण बसेपर्यंत जड ढिगारा रेटत नाहीत. या सुरुवातीच्या काळात अस्तर थोडे झिजून खेळ कमी होतो, म्हणून काही दिवसांनी तो पुन्हा तपासून लिंकेज एकदा लावून घेतात.