मंदगती कर्करोग : देखरेखीखालील जीवन आणि प्रवास

झाशीच्या सदर बाजार परिसरातील मराठी भाषक कुटुंबांसाठी माहितीपत्रक

कर्करोगाचे निदान झाले आणि डॉक्टरांनी ‘सध्या औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, तीन महिन्यांनी तपासणीस यावे’ असे सांगितले, तर घरात प्रथम गोंधळ उडतो. कर्करोग आहे, मग उपचार का नाही? वय झाले म्हणून सोडून दिले काय? की रोग हाताबाहेर गेला? बहुतेक वेळा यांपैकी काहीही खरे नसते. काही कर्करोग इतक्या मंद गतीने वाढतात की, त्यांवर तातडीने उपचार केल्यास लाभापेक्षा त्रासच अधिक होतो. अशा वेळी रुग्णास नियमित देखरेखीखाली ठेवणे हाच त्या टप्प्यावरील योग्य उपचार असतो. मात्र ही देखरेख तपासणीच्या ठरलेल्या तारखेवर उभी असते. ती तारीख पाळणाऱ्या रुग्णास नेहमीचे जीवन जगता येते व प्रवासही करता येतो.

देखरेख कोणत्या कर्करोगात केली जाते?

प्रोस्टेट ग्रंथीचा कमी जोखमीचा कर्करोग, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग, लसिका ग्रंथींचे काही मंदगती कर्करोग आणि थायरॉईड ग्रंथीतील एक सेंटिमीटरपर्यंतची काही लहान गाठ, ही याची ठळक उदाहरणे होत. जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयात थायरॉईडच्या अशा लहान गाठींवर शस्त्रक्रिया न करता लक्ष ठेवण्याची पद्धत १९९३ पासून सुरू आहे. भारतीय वंशाचे डॉक्टर कांती राय यांनी १९७५ मध्ये वर नमूद केलेल्या रक्ताच्या कर्करोगाचे टप्पे ठरविणारी पद्धत मांडली. कोणास लगेच औषध हवे व कोणास थांबता येईल, हे ठरविताना ती आजही उपयोगी पडते.

ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच मर्यादित असलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या १,६४३ रुग्णांचा अभ्यास झाला. त्याचे पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि देखरेख या तिन्ही गटांत प्रोस्टेट कर्करोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण शंभरांत सुमारे दोन ते तीन इतकेच होते. परंतु देखरेखीच्या गटात रोग शरीरात पसरण्याचे प्रमाण अन्य दोन गटांच्या जवळपास दुप्पट, म्हणजे शंभरांत सुमारे नऊ होते. आणि या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांना पुढे केव्हातरी उपचार घ्यावे लागले. यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. थांबणे सुरक्षित असू शकते. पण लक्ष न ठेवता थांबणे सुरक्षित नसते.

हा सल्ला सर्व कर्करोगांना लागू नाही. तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगात उपचार लांबविल्यास जिवास धोका संभवतो. थांबावे किंवा नाही, हा निर्णय कर्करोगतज्ज्ञांनीच घ्यावयाचा आहे. शेजाऱ्यांच्या अनुभवावरून तो घेऊ नये.

तपासणी नीट व्हावी यासाठी

प्रोस्टेटच्या रुग्णांची पीएसए ही रक्ततपासणी साधारणतः दर तीन ते सहा महिन्यांनी करतात. गरजेनुसार एमआरआय व पुन्हा तुकडा-तपासणीही करतात. रक्ताच्या कर्करोगात रक्तपेशींची मोजणी करून लसिका ग्रंथी व प्लीहा यांची वाढ तपासली जाते. थायरॉईडसाठी सोनोग्राफी करतात. आपले वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

एका आकड्यापेक्षा आकड्यांचा कल महत्त्वाचा असतो. म्हणून रक्ततपासणी शक्यतो प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत करावी आणि जुने अहवाल तारखेनुसार एका फाईलमध्ये लावावेत. मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे पीएसए तात्पुरते वाढते. याउलट, लघवीच्या त्रासासाठी दिली जाणारी फिनास्टराइड व ड्युटास्टराइड ही औषधे काही महिन्यांत पीएसएचा आकडा जवळपास निम्म्यावर आणतात. तो पाहून रुग्ण निर्धास्त होतो, पण रोग निम्मा झालेला नसतो. आपण घेत असलेले प्रत्येक औषध, काढा किंवा चूर्ण डॉक्टरांना सांगावे.

प्रवासाचा बेत

झाशीत मराठी कुटुंबे अठराव्या शतकापासून नांदत आहेत. त्यांतील अनेकांची लेकरे आज पुण्या-मुंबईस नोकरीस आहेत. गणपतीस, दिवाळीस, नातवाच्या मुंजीस जाणे आलेच. देखरेखीखालील बहुतेक रुग्णांनी असा प्रवास करण्यास हरकत नसते. निदानाच्या भीतीने घरात कोंडून घेण्याचे कारण नाही.

बेत आखताना प्रथम कॅलेंडरवर पुढील तपासणीची तारीख लिहावी आणि नंतर तिकीट काढावे. कार्य आणि तपासणी एकाच आठवड्यात येत असतील, तर डॉक्टरांना आधी विचारून तपासणी काही दिवस अलीकडे घ्यावी. ‘आल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकलू नये. एकदा चुकलेली तपासणी दुसऱ्यांदा अधिक सहज चुकते. दोन-तीन महिने मुलांकडे राहावयाचे असेल, तर तेथील कोणत्या रुग्णालयात तपासणी करावयाची हे निघण्यापूर्वीच ठरवावे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कार्यरत आहे. उत्तर प्रदेशात वाराणसी येथेही टाटा स्मारक केंद्राची कर्करोग रुग्णालये आहेत. अहवालांविषयी प्राथमिक सल्ल्यासाठी शासनाच्या ई-संजीवनी सेवेचाही उपयोग होतो.

रेल्वेची सवलत

उपचारासाठी किंवा नियतकालिक तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णास रेल्वे भाड्यात सवलत मिळते. शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात रुग्णाचे मूळ भाडे पूर्ण माफ असते. सोबतच्या एका व्यक्तीस या दोन वर्गांत ७५ टक्के सवलत असते. द्वितीय व प्रथम वातानुकूलित वर्गात दोघांनाही ५० टक्के सवलत मिळते. यासाठी मान्यताप्राप्त रुग्णालयाच्या डॉक्टरांनी विहित नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र आरक्षण खिडकीवर सादर करावे लागते. औषध सुरू नसले तरी आपण तपासणीसाठी जात आहात, म्हणून प्रमाणपत्र मागण्यास संकोच करू नये. लग्नकार्यासाठीच्या प्रवासास मात्र ही सवलत नाही. रेल्वेविषयक चौकशीसाठी १३९ हा क्रमांक आहे.

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार मिळतात आणि ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिक, उत्पन्न कितीही असले तरी, पात्र आहेत. योजनेतील रुग्णालयांत हे कार्ड राज्याबाहेरही चालते. म्हणून ते सोबत ठेवावे. चौकशीचा क्रमांक १४५५५.

सोबत काय न्यावे?

आजाराचे नाव, टप्पा, शेवटच्या तपासणीचे आकडे आणि ‘सध्या देखरेखीखाली’ ही नोंद असलेले डॉक्टरांचे एक पानी पत्र खिशात असावे. परगावी अचानक दाखल व्हावे लागल्यास तेथील डॉक्टर ‘कर्करोग आहे आणि उपचार नाही’ एवढेच पाहून घाईने निर्णय घेणार नाहीत. तुकडा-तपासणीच्या अहवालाची प्रत, रक्तगट आणि औषधांची मूळ नावे असलेली यादीही जवळ ठेवावी. मधुमेह, रक्तदाब यांची औषधे आठवडाभर अधिक घ्यावीत आणि ती सामानात न टाकता हातातील पिशवीत ठेवावीत.

वाटेत घ्यावयाची काळजी

झाशीहून मुंबई अकराशे किलोमीटरहून दूर आहे. कर्करोगात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव काहीसा वाढतो. म्हणून जागेपणी तास-दीड तासाने उठून डब्यात चार पावले चालावे, बसल्या जागी पावले वर-खाली करावीत आणि पाणी पीत राहावे. बुंदेलखंडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. शक्य तर रात्रीची गाडी घ्यावी व ओआरएसची पाकिटे जवळ ठेवावीत.

रक्ताच्या व लसिका ग्रंथींच्या कर्करोगात, औषध सुरू नसतानाही, प्रतिकारशक्ती उणी असू शकते. अशा रुग्णांनी गर्दीत मास्क वापरावा, उकळलेले किंवा सीलबंद पाणी प्यावे, उघड्यावरचे चिरलेले पदार्थ टाळावेत. फ्लू व न्यूमोनिया यांच्या लसींविषयी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. जिवंत विषाणू असलेल्या लसी, उदाहरणार्थ पीतज्वराची लस, त्यांच्या परवानगीवाचून घेऊ नयेत.

तारखेची वाट पाहू नये, अशी लक्षणे

• १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप
• रात्री कपडे भिजतील इतका घाम; सहा महिन्यांत दहावा हिस्सा किंवा अधिक वजन घटणे
• मान, काख किंवा जांघेतील गाठ झपाट्याने वाढणे
• आवाज बसणे, गिळण्यास अडथळा
• लघवी तुंबणे किंवा लघवीतून रक्त. पाठीत नवे, न थांबणारे दुखणे
• पायांत अचानक अशक्तपणा, एका पायास सूज, धाप लागणे

यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पायांतील शक्ती जाणे, लघवी तुंबणे, धाप लागणे किंवा रक्ताच्या कर्करोगात ताप येणे, यांत रात्रीही थांबू नये. झाशीत असल्यास महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, परगावी असल्यास जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आपत्तीत ११२ हा क्रमांक लावावा.

घरच्यांसाठी दोन शब्द

रुग्ण हिंडता-फिरता दिसतो, तेव्हा घरचे आजार विसरतात. तपासणी जवळ आली की सारे घर धास्तावते. दोन्ही स्वाभाविक आहे. तपासणीच्या दिवशी एकाने सोबत जावे, प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरेही लिहून आणावीत. ‘ऑपरेशन करून टाका’ असा आग्रह धरू नये, तसेच ‘आता बरे वाटते, कशाला जायचे’ असेही म्हणू नये. चिंतेमुळे झोप उडाली किंवा जेवण सुटले, तर तेही डॉक्टरांना सांगावे; त्यावर मदत मिळते.

हे पत्रक वाचून झाल्यावर पुढील तपासणीची तारीख घरातील कॅलेंडरवर ठळक लिहावी आणि ती घरातील आणखी एका व्यक्तीस सांगून ठेवावी.