देव नको, सण हवा

स्वतःला नास्तिक म्हणविणाऱ्याच्या दारात दिवाळीचा आकाशकंदील दिसला, की त्याला दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. श्रद्धावंत म्हणतो, देव नको आणि फराळ मात्र हवा! विवेकवादी स्नेही म्हणतो, ही तडजोड झाली. दोघांच्याही बोलण्यात एकच गृहीत दडलेले आहे: सण आणि विधी ही केवळ श्रद्धेची मालमत्ता होय. हे गृहीत इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते, ते पाहिले पाहिजे.

सोव्हिएत रशियाने धर्माविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा नाताळचे झाडही घराघरांतून हद्दपार झाले. परंतु 1935 च्या डिसेंबरात पावेल पोस्तिशेव या पक्षनेत्याने ‘प्रावदा’त पत्र लिहून मुलांना ते झाड परत द्यावे, असे सुचविले. झाड परतले, ते नववर्षाचे म्हणून. शेंड्यावर लाल तारा घेऊन. पूर्व जर्मनीत चर्चच्या संस्काराला शह देण्यासाठी 1955 पासून चौदा वर्षांच्या मुलामुलींकरिता ‘युगेंडवाइहे’ हा प्रौढत्वाचा सोहळा रुजविण्यात आला. मुळात तो एकोणिसाव्या शतकातील मुक्तविचारी मंडळींचा. राज्याने त्यात समाजवादावरील निष्ठेची शपथ घातली. 1990 साली ते राज्य लयाला गेले, शपथही गेली. सोहळा मात्र तेथील अनेक निधर्मी कुटुंबांत आजही होतो. आपले मूल मोठे झाले, हे चार माणसांसमक्ष सांगावे असे आईबापांना वाटते. ही गरज चर्चने निर्माण केली नव्हती आणि पक्षानेही नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक खोलात जाऊन हाताळला गेला आहे. जोतीराव फुले नास्तिक नव्हते. ते निर्मिकाला मानीत. परंतु 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन केल्यावर त्यांनी विवाहविधी मोडीत काढला नाही. भटजी वगळला, मंगलाष्टके ठेवली, आणि ती वधूवरांना कळतील अशा मराठीत, परस्परांना दिलेल्या वचनांच्या रूपात स्वतः रचली. तमिळनाडूत पेरियार रामस्वामी हे तर उघड निरीश्वरवादी. त्यांच्या स्वाभिमान विवाहांतही वधूवर एकमेकांना हार घालीत. न्यायालयात असे विवाह अवैध ठरले, तेव्हा त्या जोडप्यांच्या संततीच्या हक्कांवरच प्रश्नचिन्ह लागले. अखेर अण्णादुराई यांच्या सरकारने 1967 साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून त्यांना मान्यता मिळवून दिली.

या दोघांनी प्रसंग राखला आणि शब्द बदलले. आजचा सुशिक्षित निधर्मी मनुष्य नेमके उलट करतो. ‘आमच्या दृष्टीने हे सांस्कृतिक आहे’ एवढे म्हणून तो विधी जसाच्या तसा उचलतो, आणि विधीत मुरलेली विषमताही त्याबरोबर घरात येते. संक्रांतीचे हळदीकुंकू घ्या. ज्या घरात देव्हारा नाही, तेथेही ते ‘गाठीभेटींसाठी’ म्हणून होते. आणि शेजारच्या विधवेला बोलावणे जात नाही. श्रद्धाळू गृहिणीजवळ निदान शास्त्राचे कारण आहे, मग ते कितीही अन्यायाचे असो. श्रद्धा नसणाऱ्याने कोणते कारण सांगावे? देवाचा धाक नसताना जो हा भेद पाळतो, तो केवळ आपल्या सोयीसाठी पाळतो, असेच म्हणावे लागेल.

म्हणून आकाशकंदील लावणाऱ्या नास्तिकाला दोष देण्याचे कारण नाही. दिवे, गोडधोड, भेटीगाठी, मेलेल्यांची आठवण यांवर कोणत्याही धर्माचा मक्ता नाही. त्याला विचारावयाचे ते एवढेच, की या सणातले काय घेतले, काय टाकले आणि का, हे त्याने स्वतःशी ठरविले आहे काय? तसे ठरविले असेल, तर येत्या संक्रांतीला पहिले वाण शेजारच्या त्या बाईंना जाईल.