प्रकाशनियंत्रित रेणवीय चुंबकत्व

काही रेणवीय पदार्थांवर विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश पाडला असता त्यांचे चुंबकीय गुणधर्म बदलतात. या आविष्काराला प्रकाशनियंत्रित रेणवीय चुंबकत्व म्हणतात. पदार्थ दीप्तिमान, म्हणजे शोषलेली ऊर्जा पुन्हा प्रकाशरूपाने बाहेर टाकणारा असल्यास, त्याची चुंबकीय अवस्था बदलणे व ती ओळखणे ही दोन्ही कामे प्रकाशाच्या साहाय्याने करता येतात. या क्षेत्रातील मुख्य अडचण उष्णतेची आहे. प्रकाशाने निर्माण केलेली अवस्था तापमान वाढताच बहुधा नष्ट होते.

तत्त्व : परिवलनामुळे इलेक्ट्रॉनाला चुंबकीय परिबल असते. विरुद्ध परिवलनाचे दोन इलेक्ट्रॉन जोडीने राहिल्यास त्यांची परिबले एकमेकांस निष्प्रभ करतात. म्हणून रेणूचे चुंबकत्व मुख्यत्वे अयुग्मित (जोडीविना राहिलेल्या) इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असते. द्विसंयुजी लोहाच्या आयनात चुंबकत्व ठरविणारे ६ इलेक्ट्रॉन असतात. आयनाभोवतीच्या रेणूंचा प्रभाव प्रबल असल्यास त्यांच्या तीन जोड्या होतात व आयन प्रतिचुंबकीय बनतो. प्रभाव दुर्बल असल्यास ४ इलेक्ट्रॉन अयुग्मित राहतात व आयन समचुंबकीय बनतो. या अवस्थांना अनुक्रमे निम्न-परिवलन व उच्च-परिवलन अवस्था म्हणतात. प्रभाव मध्यम असल्यास तापमान, दाब वा प्रकाश यांच्या योगे एका अवस्थेतून दुसरीत जाता येते. उच्च-परिवलन अवस्थेत लोह व नायट्रोजन यांच्या अणूंमधील बंध सु. ०·०२ नॅनोमीटरने लांबतात. परत येण्यासाठी बंध पुन्हा आखडावे लागतात. तेवढी औष्णिक ऊर्जा नीच तापमानास उपलब्ध नसल्याने रेणू उच्च-परिवलन अवस्थेतच अडकून पडतो.

इतिहास : तापमानानुसार होणारे असे परिवर्तन इटालियन रसायनशास्त्रज्ञ एल. कांबी व त्यांचे सहकारी यांनी १९३१ मध्ये लोहाच्या संयुगांत प्रथम नोंदविले. घन पदार्थात ते प्रकाशाने घडवून अवस्था टिकविता येते, हे पी. ग्यूटलिख व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये जर्मनीतील माइन्झ येथे दाखविले. त्यांनी अभ्यासिलेले लोहाचे टेट्राझोलयुक्त संयुग नीच तापमानास जांभळट असते. हिरवा लेसर प्रकाश पाडताच ते रंगहीन व समचुंबकीय होते. लांब तरंगलांबीच्या प्रकाशाने हा बदल उलटविता येतो. मात्र तापमान सु. ५० केल्विनच्या वर गेल्यास प्रकाशाविनाही पदार्थ पूर्वस्थितीला येतो. जपानी शास्त्रज्ञ ओ. सातो व त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये प्रशियन ब्लू वर्गातील कोबाल्ट-लोह संयुगाचे चुंबकीय संक्रमण-तापमान तांबड्या प्रकाशाने १६ वरून १९ केल्विनपर्यंत वाढविले.

तापमानाचा प्रश्न : या आकड्यांचा अर्थ तुलनेने स्पष्ट होतो. नांदेड-लातूर भागात उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४०° से.च्या, म्हणजे सु. ३१३ केल्विनच्या, वर जाते. त्याच भागातील देवणी व लाल कंधारी या गोवंशांच्या गोठित रेतमात्रा द्रव नायट्रोजनात ठेवतात. त्याचा उकळबिंदू ७७ केल्विन आहे. वरील अवस्था टिकविण्यास ही थंडीही अपुरी पडते. द्रव हीलियम किंवा विशेष शीतनयंत्रे लागतात. त्यामुळे प्रयोगशाळेबाहेर या पदार्थांचा उपयोग मर्यादित राहिला आहे.

दीप्तिमान मूलके : केंब्रिज येथील शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी यांनी २०२३ मध्ये धातुविरहित मार्ग दाखविला. क्लोरीनयुक्त कार्बनी मूलकाला त्यांनी अँथ्रॅसीन जोडले. मूलकात मुळात १ अयुग्मित इलेक्ट्रॉन असतो. प्रकाश शोषल्यावर ३ अयुग्मित इलेक्ट्रॉनांची अवस्था निर्माण होते. ती २९५ केल्विनलाही सूक्ष्मतरंगांनी हाताळता येते व बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरून ओळखता येते. तथापि ही अवस्था उत्तेजित असल्याने अल्पकाळच टिकते.

उपयोग : माहितीची साठवण, संवेदक व पुंज संगणन यांत असे पदार्थ उपयोगी पडण्याची शक्यता आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत एकरेणवीय चुंबकांविषयी संशोधन झाले आहे. लोहसंयुगांतील अवस्था दीर्घकाळ टिकते, पण ती अतिशीत तापमानालाच. मूलकांतील अवस्था सामान्य तापमानाला मिळते, पण क्षणभंगुर असते. हे दोन्ही गुण एकाच पदार्थात आणणे, हे या क्षेत्रापुढील प्रमुख आव्हान होय.