हिरव्या दिव्याच्या आधी

सरळ रस्ता, बहुधा पाव मैलाचे अंतर आणि शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन गाड्या, एवढाच ड्रॅग रेसिंगचा पसारा असल्यामुळे, ज्याच्या इंजिनात बळ अधिक त्याची सरशी होणार, यात पाहण्याजोगे ते काय, असे सामान्य वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या खेळातील कौशल्याचा फार मोठा अंश गाडी जागची हलण्याच्या क्षणीच पणास लागतो, आणि म्हणूनच हा खेळ मला विलक्षण वाटतो.

अमेरिकेत आरंभी निशाण हाती घेतलेला एक इसम गाड्यांपुढे उभा राहून इशारा देत असे. त्याच्या अंगाच्या हालचालीवरून इशारा आधीच ताडणारे चालक निपजले, तेव्हा निःपक्षपाती व्यवस्थेची निकड भासली, आणि १९६३ साली तेथील नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या शर्यतींत रंगीत दिव्यांचा खांब उभा राहिला. ‘ख्रिसमस ट्री’ हे त्याचे नाव आजही रूढ आहे.

पुढचे चाक रस्त्याला आडव्या गेलेल्या पहिल्या प्रकाशकिरणात शिरले की खांबाच्या माथ्यावरील एक दिवा लागतो. आणखी सुमारे सात इंच सरकून ते दुसऱ्या किरणात शिरले की दुसरा. दोन्ही गाड्या अशा सिद्ध झाल्या म्हणजे तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने उजळतात व तितक्याच अवधीनंतर हिरवा लागतो. व्यावसायिकांच्या वरच्या वर्गांत मात्र तिन्ही पिवळे एकदम लागून अवघ्या ०.४ सेकंदात हिरवा येतो. डोळ्यांनी पाहिलेले हातापायांपर्यंत पोहोचण्यास आणि त्यानंतर चाक किरणाबाहेर पडण्यास काही काळ लागतोच. सबब हिरव्याची वाट पाहणारा मागे पडतो, आणि मुरलेला चालक पिवळ्यावरच गाडी सोडतो. मात्र हिरव्यापूर्वी चाक किरणाबाहेर पडले, तर तांबडा दिवा लागून तो बाद ठरतो.

हिरव्यापासून चाक सुटेपर्यंतचा अवधी म्हणजे प्रतिक्रियाकाळ. तो सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात व शून्य हा त्याचा आदर्श. धावेचे घड्याळ मात्र दिव्याबरोबर सुरू होत नाही, चाक सुटल्यावरच होते. आणि यातच साऱ्या खेळाची मेख आहे. समजा, एकाने ०.०३० सेकंदात गाडी सोडून ६.६० सेकंदांत अंतर कापले, दुसऱ्याने ६.५७ सेकंदांतच कापले, परंतु सोडण्यास ०.०८० सेकंद घेतले. बेरीज केली असता पहिल्याची ६.६३० व दुसऱ्याची ६.६५० येते, अर्थात अधिक वेगवान धाव करूनही दुसरा हरतो.

शर्यत संपल्यावर चालकाच्या हाती छापील चिठ्ठी पडते. तशी चिठ्ठी पाहण्याचा योग आलाच, तर वाचकांनी वेगाच्या आकड्याकडे वळण्यापूर्वी प्रतिक्रियाकाळाचा आकडा अवश्य वाचावा.