आई रडायची नाही

गेली तीस-पस्तीस वर्षं मी लिहितो आहे, पण सगळं घडलेलं. धरणं, दुष्काळ, बाजार समित्या, ऊसतोडणी. गावाचं नाव, माणसाचं वय, जमिनीचं क्षेत्र, मजुरीचा दर, यातलं काहीही चुकू नये म्हणून जीव टाकायचा. कथा-कादंबऱ्या घरात होत्या, पण त्या बायकोच्या कपाटात. ‘मनात येईल ते लिहायचं, त्याला काय लागतं?’ असं मी कैकदा म्हणालो असेन. ती नुसती हसायची.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेराव्याला सगळे बसलो असताना आक्का म्हणाली, “साऱ्या जगाचं लिहिलंस, आता आईचं लिही की.”

लिहायला बसलो. विषय ठरलेलाच होता, १९७२चा दुष्काळ. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची आणि आक्का शाळा सोडून तिच्याबरोबर. माहितीला तोटा नव्हता. १९७३च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळायची, कामावर सुकडी वाटायचे. त्याच काळात रोजगार हमी योजनेनं मूळ धरलं आणि १९७७मध्ये विधिमंडळानं तिचा कायदा केला. बघता बघता चार पानं झाली.

बायकोनं ती वाचली. “लेख चांगला झालाय,” ती म्हणाली, “पण यात आई कुठं आहेत?”

मला उत्तर देता येईना. मस्टरवरचा अंगठा होता, माणूस नव्हता.

मग तिनं कपाटातून व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ काढून दिली. १९५५ची कादंबरी. मी सवयीनं पेन्सिल घेऊन बसलो. वाडीची लोकसंख्या किती, साल कोणतं, मास्तरचा पगार काय, अशा खुणा समासात करत चाललो. होता होता शेकूपाशी आलो. जोडीला बैल नाही म्हणून त्याची बायको स्वतः जू खांद्यावर घेते. तिथं पेन्सिल थांबली. मी असतो तर बैलाचा भाव दिला असता, पावसाचे मिलिमीटर दिले असते, आणि त्या बाईला एका वाक्यात उरकलं असतं. ‘हे घडलं का?’ या प्रश्नापाशी मी आजवर वाचन थांबवत होतो. ‘या बाईला आता काय वाटत असेल?’ हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. पुस्तकातल्या बाईबद्दल नाही आणि घरातल्या बाईबद्दलही नाही.

चार पानं बाजूला ठेवली आणि फक्त एक संध्याकाळ लिहायला घेतली. आई आपल्या वाट्याची सुकडी पदराच्या गाठीत बांधून आमच्यासाठी घरी आणायची, एवढं मला पक्कं आठवतं. पण दोन कोसांच्या त्या वाटेवर तिच्या पोटात काय होत होतं? ते कुणाच्या टिपणात नाही आणि सांगायला आई नाही. मी लिहिलं, की ती बाभळीखाली थांबते, गाठ सोडते, वास घेते आणि पुन्हा बांधते. लिहिताना चोरी केल्यासारखं वाटत होतं. मग धीर चेपला आणि मी तिला तिथं रडवलं. माझेही डोळे भरून आले. वाटलं, जमली कथा.

आक्काला वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

“गाठ सोडली असेल, नसेल, मला ठाऊक नाही. मी पुढं चालत असायची,” ती म्हणाली. “पण आई रडायची नाही. चिडायची. मुकादमावर, उन्हावर, आपल्या सगळ्यांवर. तिचं रडणं कुठनं आणलंस?”

कुठून आणलं होतं? ते माझं रडणं होतं, तिच्या नावावर घातलेलं. लेखात आकडा चुकला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता येते. इथं आईच चुकली होती. मनात येईल ते लिहिता येतं, हा माझा इतक्या वर्षांचा समज त्या दिवशी गेला. बाभूळ मला कल्पनेनं लावता येते, गाठ सोडवता येते, पण सोडणारे हात आईचेच हवेत.

रडणं काढलं. आता आई बाभळीखाली मुकादमाच्या सात पिढ्या उद्धरते, सुकडीची एक चिमूट तोंडात टाकते आणि गाठ पहिल्यापेक्षा घट्ट आवळते.

पुन्हा आक्काकडे गेलो, वाचलं. ती काही न बोलता चहा टाकायला उठली. बऱ्याच वेळानं आतूनच म्हणाली, “एक नसेल रे, दोन चिमटी घेतल्या असतील. भूक लागायचीच की तिला.”

मी कथेत दोन केल्या.